घरचं तूप अमेरिकेला पाठवायचंय, नक्की काय काय लागतं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.
आम्ही वाईच्या अलीकडे राहतो. घरच्या चौदा गाई आणि आमच्या बचत गटात मी धरून अकरा जणी. दूध डेअरीलाच घालतो, पण गेली तीन वर्षं थोडं मागे ठेवून विरजण लावून लोणकढं तूप करतो. पुण्यामुंबईला ओळखीवर जातं, दिवाळीत तर पुरतच नाही. आता झालंय असं की माझे धाकटे दीर अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असतात, तिथल्या एका इंडियन ग्रोसरीत त्यांची भागी आहे. ते म्हणतात वहिनी महिन्याला पाचशे किलो पाठवा, खपवायचं माझ्याकडे लागलं. साताऱ्याचे कंदी पेढे पण मागतायत.
एक एजंट येऊन गेला. म्हणाला एफडीए सर्टिफिकेट काढून देतो, एक लाख पंच्याऐंशी हजार, बाकी काही लागत नाही. सासरे म्हणाले भरून टाकू. मला ते "बाकी काही लागत नाही" तेवढं खटकतंय. कुणी हे केलंय का?

तूपसाखर
पैसे भरू नका. बाकी जाणकार येतीलच.

दहीभात
वाचतेय. आमच्याकडे पण हाच विषय चालू आहे, फक्त श्रीखंडाचा.

न्हावाशेवा
वीस वर्षं कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे म्हणून अधिकाराने सांगतो, एफडीए म्हणजे अमेरिकेचं अन्न-औषध खातं असलं सर्टिफिकेट कुणाला देतच नाही. तिथे फूड फॅसिलिटीची नोंदणी असते, २००२ च्या बायोटेररिझम कायद्याने आलेली, तिची फी शून्य. नंबर मिळतो, बास. दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रिन्यू करायची, नाही केली की गेली. अमेरिकेत राहणारा एक यूएस एजंट दाखवावा लागतो, ते काम तुमचे दीरसुद्धा करू शकतात. सोनेरी किनारीचं गरुडाचं चित्र असलेलं जे सर्टिफिकेट लोक फ्रेम करून लावतात ते त्या एजंटनेच छापलेलं असतं. लग्नपत्रिकेच्या प्रेसमध्ये.
आता इकडची बाजू. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा, डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या) साइटवर पाचशे रुपयात होतो, पॅनवरच असतो. मग अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, कारण दुग्धजन्य पदार्थ अपेडाच्या यादीत येतात. निर्यातीसाठी एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) सेंट्रल लायसन लागतं, गटाचं साधं रजिस्ट्रेशन चालत नाही. जीएसटीत एलयूटी (हमीपत्र) भरून ठेवा म्हणजे कर न लावता माल बाहेर जातो. हे सगळं महिना दीड महिन्यात होतं, यात अवघड काही नाही.
अवघड पुढे आहे. १९६३ च्या निर्यात तपासणी कायद्याखाली दुधाचे पदार्थ अधिसूचित आहेत, म्हणजे माल ज्या प्लांटमध्ये बनतो त्या प्लांटला एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीची मान्यता हवी. तपासणीला टीम येते, पाणी बघते, भिंती बघते, नोंदी बघते, हॅसॅप, म्हणजे धोका कुठे आहे ते ओळखून आवरायची पद्धत, कागदावर आहे का अंगात आहे ते बघते. हेल्थ सर्टिफिकेट पण तीच एजन्सी देते. मान्यता तुपाला नसते ताई, जागेला असते. तुमचं तूप कितीही अमृत असलं तरी चुलीवरच्या कढईला ती मिळत नाही.

घाटावरचा
झालं! म्हणजे पुन्हा मोठ्या डेअऱ्यांचंच भलं. अकरा बायका सचोटीने तूप कढवतात त्यांना भिंतीला टाइल्स नाहीत म्हणून बाद, आणि टाइल्स लावून पामतेल मिसळणारे पास. हे नियम छोट्या माणसाला बाहेर ठेवायलाच केलेत राव, स्वच्छतेचं फक्त नाव.

लॅक्टोमीटर
घाटावरचे भाऊ, पामतेल मिसळणारा इतक्या सहज पास होत नाही. बीटा सिटोस्टेरॉलची टेस्ट असते, वनस्पती तेल गेलं की ते सापडतं. आरएम व्हॅल्यू, बीआर रीडिंग असतं, फॅट अस्सल आहे का ते सांगणारे आकडे. मी डेअरीत क्यूएला (गुणवत्ता तपासणीला) आहे, रोज हेच करतो.
पण तुमच्या रागात तथ्य नाही असं नाही. उलटं पण होतं. उन्हाळ्यात हिरवा चारा संपला आणि लोकांनी सरकी पेंड जास्त घातली की अस्सल तुपाचा आरएम खाली येतो आणि बीआर वर जातो. अ‍ॅगमार्कने कापूस पट्ट्यातल्या तुपाला वेगळी मर्यादा उगाच नाही ठेवलेली. एकदा एक बाई माझ्यासमोर रडकुंडीला आली होती, म्हणाली साहेब माझ्या म्हशीचं तूप आहे, माझ्या हातचं आहे. तिचं खरं होतं. मशीनचंही खरं होतं. आता असा लॉट बोटीत चढल्यावर तिकडच्या लॅबमध्ये फेल गेला तर कुणाला समजावणार? म्हणून आधी इथे तपासायचा.
कृष्णाकाठची ताई, एक हिशोब करून बघू. एक किलो गाईच्या तुपाला पंचवीस ते अठ्ठावीस लिटर दूध धरा, एचएफ जातीची गाय असेल तर जास्तच. पाचशे किलो म्हणजे महिन्याला तेरा हजार लिटर, रोजचं सव्वाचारशेच्या वर. तुमच्या चौदा गाईंचं सगळं मिळून किती होतं?

कृष्णाकाठची
@लॅक्टोमीटर, चौदात दोन गाभण आणि एक आटलेली. रोजचं एकशे तीस चाळीस. गटातल्या बाकीच्या आपापल्या घरी लोणी साठवतात, चार पाच दिवसांनी आणून देतात, मग माझ्याकडे एकत्र कढवतो. तुम्ही आकडा मांडल्यावर पोटात गोळा आला.

वाटाणा
दिरांनी पाचशे हा आकडा काय बघून सांगितला? अमेरिकेत बसून गाई मोजायला काय जातंय :)

लॅक्टोमीटर
ताई, अकरा घरचं लोणी हीच दुखरी जागा आहे. एखादीच्या गाईला दगडी (कासेला सूज) झाली, डॉक्टरने सडात ट्यूब सोडली. औषधाच्या पुडीवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस ते दूध काढून टाकायचं असतं. टाकतं का कोण? तीन दिवसांच्या दुधाचे पैसे डोळ्यासमोर दिसतात, आणि "एवढ्याशाने काय होतंय". आमच्याकडे मागच्या वर्षी एका चाळीस लिटरच्या कॅनमुळे बीएमसीतलं सगळं दूध नासलं. नासलं म्हणजे दिसायला चांगलं, वासाला चांगलं, पण अँटिबायोटिकच्या पट्टीवर रेघ उमटली नाही. दुसरी पट्टी लावली. तिसरी लावली. मग टँकर परत.

दहीभात
बीएमसी म्हणजे मुंबई महापालिका का? त्यांनी कधीपासून दूध नासवायला घेतलं?

लॅक्टोमीटर
हाहा. बल्क मिल्क कूलर. गावात संकलन केंद्रावर असतो तो स्टीलचा टाका, दूध चार डिग्रीला ठेवतो. तसं नासवण्याच्या बाबतीत तुमचा अंदाज पण चुकीचा नाही.

शंकासुर
एक शंका. तूप म्हणजे निव्वळ फॅट. अँटिबायोटिक बहुतेक पाण्यात विरघळणारी, ती ताकात जाणार. मग तुपाला त्याची भीती कशाला?

लॅक्टोमीटर
शंकासुर, शंका रास्त आहे. बरंचसं ताकातच जातं. अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष पण केसीनला, म्हणजे दुधातल्या प्रथिनाला, धरून राहतं म्हणून तुपात फारसं येत नाही. पण तपासणीवाले तुपाच्या बरणीपाशी थांबत नाहीत, कुठल्या दुधापासून केलं ते मागे मागे जाऊन विचारतात, गोठ्यापर्यंत. आणि कीटकनाशकांचं बरोबर उलटं असतं, त्यातली बरीच फॅटमध्ये विरघळतात. दुधात चिमूटभर असेल ते पंचवीस लिटरचं एक किलो करताना गोळा होऊन बसतं.
अफ्लाटॉक्सिनचं निघालंय म्हणून सांगतो. बुरशी आलेला मका, ओली होऊन काळी पडलेली पेंड, नीट न दाबलेल्या मुरघासाचा वरचा थर, यातून ते येतं. आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०.०५. दहापट कडक. पेंडीचं पोतं जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, एवढं जरी केलंत तरी अर्धी लढाई जिंकली.

न्यूजर्सीकर
एडिसनच्या शेजारच्याच गावात राहतो म्हणून लिहितो. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये तुपाचा अख्खा रॅक असतो, पण बरण्या उलटून बघा, कितीतरी ब्रँड इथल्याच दुधाचे आहेत, विस्कॉन्सिन वगैरे. कारण ड्यूटी. तूप इथे बटर ऑइलच्या खात्यात जातं आणि त्याला कोटा आहे. कोट्यातलं असेल तर १० टक्के, कोट्याबाहेर गेलं की किलोमागे १.८६५ डॉलर आणि वर साडेआठ टक्के, ही मूळची ड्यूटी, त्यावर कुठल्या महिन्यात कुठलं टॅरिफ चढलंय ते ज्याचं त्याने बघायचं. कोट्याचं लायसन किराणा दुकानदाराकडे नसतं. अमूलने २०२४ मध्ये इथे ताजं दूध आणलं तेव्हा आणंदहून नाही आणलं, मिशिगनच्या दूध उत्पादकांच्या सहकारी संघाशी हातमिळवणी करून इथलंच दूध भरलं. ते काही वेडे नाहीत.
दुसरं म्हणजे एफएसव्हीपी. माल मागवणाऱ्यावर जबाबदारी असते की पुरवणारा नीट आहे हे त्याने तपासायचं, त्याच्या नोंदी ठेवायच्या. म्हणजे उद्या एफडीएने विचारलं तर उत्तर तुमच्या दिरांना द्यायचंय. त्यांना हे माहीत आहे का आधी विचारा. बहुतेक नसेल.

घाटावरचा
जगात सगळ्यात जास्त दूध आपलं. २०२३-२४ ला २३९ दशलक्ष टन. आणि बाहेर पाठवायची वेळ आली की आपल्या गाई रोगट!

न्हावाशेवा
रोगट कुणी म्हणत नाही, पण लाळ्या खुरकूत आपल्याकडे आहे हे खोटं कसं सांगणार. २०१९ पासून केंद्राने लसीकरणाचा मोठा कार्यक्रम काढलाय, कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला त्यातलाच. तो बिल्ला नुसता विम्यापुरता समजू नका, उद्या कुठल्या जनावराचं दूध हे दाखवायला तोच कामाला येणार. अमेरिकेत पशुरोगाच्या नियमातून बटर, बटर ऑइल आणि चीजच्या बऱ्याच प्रकारांना सूट आहे म्हणून तूप त्या बाजूने तरी सुटतं. पेढ्याला ती सूट नाही, तो आटवलेल्या दुधाचा. त्याला त्यांच्या कृषी खात्याची वेगळी परवानगी बघावी लागेल. शिवाय बोटीला महिना सव्वा महिना, कंदी पेढा भाजलेला असला तरी एवढा दम काढेल का तुम्हीच सांगा.
आणि घाटावरचे, आपणही कमी नाही. चीनच्या दुधावर आपण २००८ पासून बंदी घातलीय, तिथे दुधात मेलामाइन हे रसायन मिसळल्याचं प्रकरण झालं तेव्हापासून. अमेरिकेचं चीज घ्यायचं तर ज्या गाईंना जनावरांच्या मांसाचं नाहीतर रक्ताचं खाद्य घातलंय त्यांचं नको, तसा दाखला द्या म्हणतो. ते चिडतात. प्रत्येक जण आपल्या दारात उभा राहून दुसऱ्याचे पाय धुवायला लावतो.

सहकारमहर्षी_नाही
निर्यात निर्यात करताय पण सरकार कधी दार लावेल सांगता येत नाही. २०११ मध्ये दूध पावडरीची निर्यात बंद केली, २०१२ ला उघडली. २०१८ मध्ये पावडर पडून, दुधाला भाव नाही, रस्त्यावर दूध ओतलं, मग लिटरला पाच रुपये अनुदान. आमच्या संघाने त्या साली...

वाटाणा
पॉपकॉर्न घेऊन बसलो. संघ आला म्हणजे आता निवडणूक येणार.

तूपसाखर
कृपया संघावर जाऊ नका, धागा तुपाचा आहे. वेगळा धागा काढा.

दुबईत_एक_मावळा
अमेरिकेचं जमत नसेल तर आखाताचा विचार करा. अंतर कमी, माणसं आपली, तुपाला मागणी आहे. पण माझी एक गंमत (तेव्हा गंमत नव्हती) ऐका आणि मग या.
इथे लेबलवर अरबी मजकूर लागतो. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख मूळ लेबलवरच छापलेली हवी, वरून चिकटवलेली चालत नाही. आम्ही पुण्यातल्या एका डिझायनरकडून लेबल केलं. अरबी मजकूर मी इथून ईमेलने पाठवला, एका मौलवींकडून तपासून घेतलेला, अक्षर न अक्षर बरोबर. त्या पोराने तो सॉफ्टवेअरमध्ये टाकला. आता अरबी उजवीकडून डावीकडे, आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली. त्याच्या सॉफ्टवेअरने ती सुटी केली आणि डावीकडून मांडली. म्हणजे "तूप" च्या जागी "प", मग जागा, मग उकार, मग "त", असं काहीतरी. आम्हाला सगळ्यांना ते अरबीच दिसत होतं! बाराशे डबे छापून भरून बोटीत. इथे इन्स्पेक्टरने डबा हातात घेतला, आडवा धरला, उलटा धरला, आणि मला विचारलं ही कुठली भाषा.
माल अडकला. गोडाऊनचं भाडं रोज चढत होतं. शेवटी सगळं परत नेलं. तारखा मात्र बरोबर छापल्या होत्या, एवढंच समाधान.

दहीभात
ह. ह. पु. वा. "ही कुठली भाषा"

शंकासुर
मौलवींना पीडीएफ का नाही पाठवली छापायच्या आधी?

दुबईत_एक_मावळा
हाच प्रश्न माझ्या बायकोने विचारला होता. तेव्हापासून लेबलची छपाई तीच बघते.

न्हावाशेवा
लेबलवरून आठवलं. अमेरिकेसाठी न्यूट्रिशन फॅक्टचा चौकोन त्यांच्याच नमुन्याचा हवा, वजन औंस आणि ग्रॅम दोन्हीत, "दूध आहे" ही अ‍ॅलर्जीची सूचना, भारतात बनलेलं असा उल्लेख. आणि हात जोडून सांगतो, गुडघेदुखीवर, स्मरणशक्तीवर, बाळंतिणीला उत्तम असलं काही लिहू नका. तुम्हाला ते कौतुक वाटतं, त्यांना ते औषध वाटतं, आणि मग औषधाचे नियम लागतात. "ए२" चं पण सांभाळून. आपल्याच एफएसएसएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये तो दावा काढा म्हणून आदेश दिला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला.
माल निघाला की प्रायर नोटीस, म्हणजे एफडीएला आगाऊ कळवणं, बोटीने असेल तर पोचायच्या किमान आठ तास आधी. ते काम आमच्यासारखे करतात, त्याची काळजी नको. डब्यांची काळजी करा. कंटेनर उन्हात तापतो, तूप पातळ होतं आणि झाकणाच्या आट्यातून वर येतं. एक बरणी गळली की तिच्यासोबतच्या अकरा बरण्यांची लेबलं तेलकट. आत सील लावूनच घ्या.

मिरजमामा
जर्मनीला मुलीकडे जाताना हिने दोन किलो पेढे नेले होते. विमानतळावर बाईने हसत हसत कचऱ्यात टाकले. युरोपात बाहेरच्या देशातून दूध मांस प्रवासी सामानातसुद्धा चालत नाही हे आम्हाला तिथे कळलं. हिने विचारलं एक खाऊ का निदान. नाही म्हणाली.

तूपसाखर
अरेरे. त्या कचऱ्याच्या डब्याचं नशीब.

घाटावरचा
मी आधी चिडून लिहिलं त्याबद्दल नाही पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. मग या ताईंनी करायचं काय? प्लांट बांधायचा म्हणजे कोटीत जाईल. मान्यता असलेल्या डेअरीकडून तूप घेऊन स्वतःचं लेबल लावून पाठवायचं म्हणजे ते यांचं तूप कुठे राहिलं? विरजणाचं, रवीने घुसळलेलं, ती चवच त्यात नाही. तिथे क्रीम काढतात आणि थेट कढवतात.

लॅक्टोमीटर
हा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे गोड उत्तर नाही. मर्चंट एक्स्पोर्टर म्हणून मान्यता असलेल्या प्लांटचा माल पाठवणं हाच बहुतेकांचा रस्ता आहे. काही प्लांट तुमचं दूध वेगळं घेऊन वेगळा लॉट काढून देतील, पण त्यांची व्हॅट (मोठं भांडं) काही हजार लिटरची, तुमच्या एकशे चाळीस लिटरसाठी ती कोण धुणार. अकरा जणींचं सगळं दूध (लोणी नाही, दूध) एकत्र केलं, एका जागी थंड केलं, विरजणाची प्रक्रिया त्यांना लिहून दिली तर बोलणी होऊ शकतात. विरजणाला त्यांची ना नसते, घरोघरच्या विरजणाला असते.

न्यूजर्सीकर
तोवर एक करता येतं. घरी केलेला पदार्थ एका माणसाने दुसऱ्या माणसाला भेट म्हणून पाठवला तर प्रायर नोटीसची सूट आहे. विकायचा नाही हां, भेट. फक्त कुरियर आणि कस्टमचा खर्च आता वाढलाय, ऑगस्ट २०२५ ला आठशे डॉलरच्या आतली ड्यूटीची सूट गेली. दिरांना दोन किलो पाठवा, त्यांनी चार मित्रांना पोळीवर घालून खाऊ घालावं, मग बघा त्यांचा पाचशेचा आकडा किती उरतो.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हा अख्खा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. एजंटला फोन करून फॅसिलिटीच्या नोंदणीची फी किती असते एवढंच विचारलं, तर म्हणाला ताई रेंज नाही, नंतर बोलतो. आज चौथा दिवस.
दिरांशी बोलले. एफएसव्हीपी हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. आधी जरा फुगले, मग म्हणाले बघतो. पेढ्यांचा विषय सोडलाय. तालुक्याच्या पलीकडे एक मान्यता असलेला प्लांट आहे असं कळलं, पुढच्या बुधवारी मी आणि गटातल्या दोघी जाऊन येणार आहोत. काय काय विचारायचं ते लॅक्टोमीटर दादा जमलं तर लिहाल का.
आणि काल गटाच्या बैठकीत दगडीची वही सुरू केली. कुठल्या बिल्ल्याची गाय, कधी ट्यूब सोडली, दूध कधीपर्यंत बाजूला. एक जण म्हणाली अगं वहीत लिहिलं की सासूला कळेल किती दूध टाकलं. त्यावर अर्धा तास चर्चा झाली, अजून मिटलेली नाही.

लॅक्टोमीटर
व्यनि करतो ताई. पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: "आमच्या दुधाचा लॉट वेगळा ठेवाल का, आणि ठेवलात तर त्याचा नंबर बरणीवर येईल का." यावर ते कसं उत्तर देतात त्यावरून उठायचं का बसायचं ते ठरवा.

मिरजमामा
एक विचारू का, राग मानू नका. एवढं तूप कढवता तर बेरीचं काय करता?

कृष्णाकाठची
मामा, साखर घालून पोरं भांडं खरवडून खातात. त्यात एक्स्पोर्टला काही शिल्लकच राहत नाही.

मिरजमामा
वाईला कधी यायचं?